लेस्टर आणि बॉस्वर्थ: राजा सापडला, रणांगण काही सापडेना

बॉस्वर्थच्या टेकडीवर तिसऱ्या रिचर्डचं निशाण फडकत असतं. लढाई तिथे झालेली नाही. एवढं एकच वाक्य मला घराबाहेर पडण्याआधी कुणी सांगितलं असतं, तर माझे बूट वाचले असते, 45 पौंड वाचले असते आणि माझ्या नाशिककर मित्राने परतीच्या गाडीत तोंड फिरवून झोपेचं सोंग घेतलं नसतं.

आम्ही दोघं बर्मिंगहॅमला राहतो. दोघांनीही सह्याद्रीत बरेच उद्योग केलेत, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय. त्यामुळे इंग्लंडच्या मधोमध, जिथे टेकडी म्हणजे जमिनीला आलेलं टेंगूळ, तिथे काय चालायचं, अशी आमची मिजास होती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातला शनिवार-रविवार काढला. शनिवारी लेस्टर, म्हणजे राजाची कबर. रविवारी बॉस्वर्थ, म्हणजे राजा पडला ती जागा. शहर आधी आणि मैदान नंतर ही पहिली चूक. ते पुढे येईलच.

ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तिसरा रिचर्ड 1483 मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला आणि 22 ऑगस्ट 1485 ला बॉस्वर्थच्या लढाईत वयाच्या 32 व्या वर्षी मारला गेला. रणात पडलेला तो इंग्लंडचा शेवटचा राजा. प्रेत घोड्यावर आडवं टाकून लेस्टरला आणलं, लोकांना दाखवलं आणि फ्रान्सिस्कन साधूंच्या ग्रेफ्रायर्स मठात घाईघाईने पुरलं. 1538 मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ मोडला, जागा विकली गेली, वर घरं आणि बागा झाल्या, आणि शेवटी डांबर टाकून नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांचं पार्किंग. 25 ऑगस्ट 2012 ला तिथे खणायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच चरात पायाची हाडं लागली. फिलिपा लँगली ही बाई कित्येक वर्षं त्या पार्किंगच्या मागे लागलेली होती. जागा आखण्यासाठी डांबरावर रंगवलेलं 'आर' अक्षरही तिथेच होतं. कादंबरीत लिहिलं तर संपादक कापून टाकेल.

लेस्टरचं स्टेशन ते कथीड्रल पायी पंधरा-वीस मिनिटं. (उच्चार 'लेस्टर'. तिकीटखिडकीवर 'लायसेस्टर' म्हणालात तरी गाडी तीच मिळते, फक्त मागच्या रांगेतलं कुणीतरी हसतं.) बघायचं ते जवळपास सगळं चालत फिरण्याएवढ्या आवाक्यात आहे: रिचर्डच्या नावाचं प्रदर्शन केंद्र, समोर कथीड्रल, त्याला खेटून मध्ययुगीन सभागृह, गिल्डहॉल. हॉटेल मध्यवस्तीत घेतलंत तर टॅक्सीचा संबंधच येत नाही.

केंद्र त्या पार्किंगला लागूनच एका जुन्या शाळेच्या इमारतीत आहे, 2014 च्या जुलैत उघडलं. तिकीट आहे आणि ते स्वस्त नाही. तळमजल्यावर सिंहासन, भिंतीवर हलणारी चित्रं, यादवीची हकीकत. गुलाबांची लढाई, यॉर्क-लँकेस्टर, कोण कुणाचा चुलता हे आधी कुठेतरी वाचून गेलात तर इथे पंधरा मिनिटं पुरे. खरा माल वरच्या मजल्यावर. सांगाड्याची थ्रीडी प्रिंट केलेली प्रतिकृती मांडलीय, तिच्यापुढे आम्ही पाऊण तास होतो. पाठीचा कणा चक्क इंग्रजी 'एस'सारखा वळलेला. मृत्यूच्या वेळच्या किंवा लगेच नंतरच्या 11 जखमा, त्यातल्या 9 कवटीवर. कवटीच्या तळाशी एवढी मोठी फट आहे की पुढे काही सांगावं लागत नाही. आणि ओटीपोटाच्या हाडावर मागून भोसकल्याची खूण, जी चिलखत अंगावर असताना होऊच शकत नाही. म्हणजे मेल्यावर, नागवा करून घोड्यावर टाकल्यावर कुणीतरी हात साफ करून घेतला. पावलं गायब आहेत, ती नंतरच्या कुठल्यातरी बांधकामात गेली.

डीएनएची भानगड मला सगळ्यात आवडली. रिचर्डच्या थोरल्या बहिणीपासून आईकडून-आईकडून खाली येत येत धागा लंडनमधल्या मायकेल इब्सेन नावाच्या कॅनेडियन सुतारापर्यंत पोहोचला आणि जुळला. बापाकडची बाजू तपासली तर ती जुळेना! म्हणजे मधल्या कुठल्यातरी पिढीत, कुठल्यातरी उमरावाच्या घरात काहीतरी 'झालेलं' आहे. सनावळ्या मिरवणाऱ्या घराण्यांना हे जरूर दाखवून आणावं. आणि याच इब्सेनने आपल्या या दूरच्या नातलगासाठी ओकची शवपेटी स्वतःच्या हाताने बनवली.

शेवटी एक शांत खोली, जमिनीत काच, काचेखाली खड्डा. प्रत्यक्ष कबर. खड्डा मुडद्यापेक्षा आखूड खणलेला, त्यामुळे डोकं कडेला टेकून वर उचललेलं होतं. कफन नाही, पेटी नाही. मी देवभोळा नाही, पण तिथे आवाज आपोआप खाली गेला. मित्राने मोबाईल खिशात ठेवला, ही त्याच्या बाबतीत ऐतिहासिक घटना.

मग कथीड्रल. प्रवेशाला तिकीट नाही, देणगी मागतात, द्या. 26 मार्च 2015 ला इथे त्याला पुन्हा पुरलं. त्याआधी हाडं लेस्टरला ठेवायची की यॉर्कला न्यायची यावरून दूरदूरच्या नातलगांचा एक गट हायकोर्टात गेला होता आणि 2014 मध्ये हरला. रायगडावरच्या समाधीचा शोध कुणी लावला यावरून आपल्याकडे अजून जुंपते, त्यामुळे मला नवल वाटलं नाही, उलट घरच्यासारखं वाटलं. थडग्याचा दगड स्वेलडेलचा, फिकट, आत जीवाश्म दिसतात, त्यावर आरपार कोरलेला क्रूस. खाली आयर्लंडच्या किल्केनीचा काळा चौथरा. साधं आहे, छान आहे.

बाकी शहरातलं: गिल्डहॉल फुकट आहे, बघून घ्या. सेंट मेरी द कॅस्ट्रो हे 1107 सालचं चर्च आम्ही गेलो तेव्हा बंद होतं. ज्या ब्लू बोअर सराईत राजाने लढाईपूर्वी मुक्काम केला म्हणतात ती 1836 मध्येच पाडली, तिथे आता बघायला काही नाही. तिची छोटी प्रतिकृती केंद्रात आहे, तेवढ्यावर समाधान माना. बो ब्रिजला जायचं तर मोठा, गाड्यांनी भरलेला रस्ता ओलांडावा लागतो आणि पूलही सन 1863 चा आहे, मध्ययुगीन नव्हे. तरी जा, आणि ते एका पाटीसाठी. 'इथेच जवळपास प्लँटॅजेनेटांपैकी शेवटच्या तिसऱ्या रिचर्डचे अवशेष आहेत' (प्लँटॅजेनेट म्हणजे त्याचं राजघराणं) अशी दगडी पाटी 1856 मध्ये एका बांधकाम कंत्राटदाराने ठोकून दिली. मठ मोडल्यावर लोकांनी हाडं उकरून सोअर नदीत फेकली, ही गावगप्प. शेजारी नंतर दुरुस्तीची पाटीही लावली, पण मूळ पाटी काही काढली नाही. नुसतं दगडात कोरलेलं आहे म्हणून खरं धरू नये, हे मला त्या पाटीपाशीच कळायला हवं होतं.

संध्याकाळी बेलग्रेव्ह रोडला जेवलो. गुजराती थाळी. उत्तम.

आता रविवार.

बॉस्वर्थचं युद्धभूमी केंद्र अँबियन हिलवर, सटन चेनी गावाजवळ. जवळचं रेल्वे स्टेशन हिंकली, बर्मिंगहॅम-लेस्टर मार्गावरच. नकाशावर शेंटन नावाचं स्टेशन केंद्राच्या अगदी पायथ्याशी दिसतं, त्याला फसू नका. ती हौशी लोकांनी चालवलेली वाफेच्या इंजिनाची लाइन आहे, मुख्य रेल्वेला जोडलेलीच नाही. आम्ही फसलो नाही, पण फसता फसता वाचलो: मित्राने तिकिटाच्या ॲपमध्ये शेंटन दहा वेळा शोधलं.

रविवारी सकाळी आम्हाला उपयोगी पडेल अशी एकही बस मिळाली नाही. हिंकलीहून टॅक्सी केली, नऊ-दहा किलोमीटरला 22 पौंड. महाग वाटलं, पण ठीक. परतीचं विचारलं तर म्हणाला, फोन करा, येतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

केंद्र चांगलं आहे. हे मी रागातसुद्धा कबूल करतो. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला रानडुकराचा बिल्ला इथे आहे, जेमतेम इंचभर. रानडुक्कर हे रिचर्डचं चिन्ह. कापडी बिल्ले त्याने 1483 मध्ये एका समारंभासाठी 13,000 करवून घेतले होते. चांदीचा बिल्ला मात्र कुणा सोम्यागोम्याच्या छातीवर असणार नाही, राजाच्या भोवतीच्या सरदारांपैकी एखाद्याचाच. तो 2009 मध्ये जुन्या दलदलीच्या काठाला शेतात सापडला. त्याच शोधमोहिमेत शिशाचे 30 हून जास्त गोळे मिळाले, तोफांचे आणि हातबंदुकांचे. ते कुठे कुठे पडलेत त्याची नोंद करत गेले तेव्हा लढाईची जागा ठरली. ती या टेकडीवर नाही. टेकडीपासून नैऋत्येला सुमारे 3 किलोमीटरवर, फेन लेन नावाच्या जुन्या रोमन रस्त्याच्या दोन्ही अंगांना.

म्हणजे काय झालं, तर सत्तरच्या दशकात केंद्र टेकडीवर बांधलं, झेंडा लावला, पायवाट आखली, आणि 2010 मध्ये जाहीर झालं की आपण चुकीच्या जागी बसलोय. केंद्राने हे लपवलेलं नाही, आत नकाशासकट लिहिलंय. पण बाहेर टेकडीवर निशाण फडकतंय, लोक त्याच्याखाली पोरांना उभं करून फोटो काढतायत, आणि आम्ही ज्या माहितीवर भरवसा ठेवून निघालो होतो तिच्यात 'रिचर्डच्या पावलावर पाऊल ठेवून' असंच काहीतरी होतं. पाऊल कुठलं? राजाचा तळ फार तर टेकडीवर असेल. 1813 मध्ये एका विद्वान पाद्र्याने रिचर्डच्या नावाने झऱ्यावर दगडी घुमटी बांधली आणि वर लॅटिन लेख कोरला, तीही तिथेच आहे. राजा जिथे मेला ती जागा दुसरी.

आखलेली पायवाट दोनेक किलोमीटरची, गुळगुळीत, बाबागाडी जाईल अशी. आम्ही ती तीस मिनिटांत उरकली आणि मी म्हणालो, "चल, खरी जागा बघून येऊ. तीन किलोमीटर तर आहे."

मित्र म्हणाला, "सरळ गेलो तर तीन. तू सरळ कधी जातोस का?"

नाही गेलो. आधी सटन चेनीचं चर्च (राजाने शेवटची प्रार्थना इथे केली अशी समजूत, दर ऑगस्टमध्ये त्याच्या चाहत्यांची संस्था इथे पुष्पचक्र वाहते), मग अ‍ॅशबी कालवा. कालव्याच्या काठाची वाट सपाट, सुंदर, बदकं वगैरे. 22 मैलांच्या या कालव्यावर एकही लॉक (बोटी वर-खाली करायची दारं) नाही, त्यामुळे चढउतारही नाही. डॅडलिंग्टनच्या चर्चच्या आवारात लढाईतले बरेच मेलेले पुरलेत, आठव्या हेन्रीने 1511 मध्ये त्यांच्यासाठी प्रार्थनेची सोय करायला परवानगी दिली होती. पुढे स्टोक गोल्डिंग. रिचर्डला हरवणाऱ्या हेन्री ट्यूडरला तिथल्या क्राउन हिलवर मुकुट घातला म्हणतात, आणि चर्चच्या खिडकीच्या दगडावर सैनिकांनी तलवारी परजल्याच्या खाचा दाखवतात. खाचा आहेत. तलवारींच्या आहेत की पोरांच्या चाकूंच्या, कोण सांगणार. इथवर सगळं झकास, एक वाजला होता.

इथून थेट मागे फिरा. मी खरंच सांगतोय. कालव्याच्याच वाटेने परत केंद्रावर जा, सूप प्या, घरी जा.

आम्ही वायव्येला वळलो. नकाशावर हिरव्या तुटक रेषा आहेत, सार्वजनिक पाऊलवाटा, कायद्याने चालायचा हक्क. हक्क आहे, वाट नाही. शेतं नुकतीच नांगरलेली, वर रात्रीचा पाऊस, आणि माती अशी चिकणी की दहाव्या पावलाला प्रत्येक बुटाखाली दोन-दोन किलोचा गोळा. काठीने खरवडायचा, पाच पावलं, पुन्हा गोळा. आपल्याकडचा घसारा परवडला, तो निदान खाली तरी नेतो. इथे काळी ढेकळं पायाला धरून उभीच करतात. कुंपण आलं की लाकडी पायरी चढायची, आणि तिच्यासमोर गुरं उभी राहून राहून झालेला रबरबाट. एका ठिकाणी माझा डावा बूट मातीत राहिला आणि मोजा बाहेर आला. मोजा घातलेला पाय कुठे टेकवायचा या विचारात मी एका पायावर किती वेळ उभा होतो ते मित्राकडे व्हिडिओत आहे. तो व्हिडिओ तुम्ही मागू नये.

रिचर्डने हेन्रीवर थेट घोडा घातला, स्टॅन्ली नावाच्या सरदाराची फौज ऐन वेळी उलटली, आणि राजाचा घोडा दलदलीत रुतला अशी परंपरा आहे. दलदल पुढच्या शतकांत चर काढून सुकवली. पूर्ण सुकवलेली नाही, एवढी साक्ष मी देतो.

दीड तासात अडीचेक किलोमीटर झाले. मग फेन लेन. रस्ता रोमनांनी आखलेला, म्हणजे काठीसारखा सरळ, म्हणजे गाड्या भन्नाट. पदपथ नाही. कडेला गवताची अरुंद पट्टी, त्याला लागून चर. प्रत्येक गाडीला आम्ही झुडपात शिरत होतो. चिखलापेक्षा हा एक किलोमीटर वाईट. चिखलात बूट गेला असता, इथे आख्खा माणूस जातो. मुलांना घेऊन अजिबात येऊ नका, अंधार पडल्यावर तर कुणीच नको, आणि नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो हे आम्ही गृहीत धरलं नव्हतं.

आणि तिथे काय आहे? शेत. खासगी शेत. आम्ही गेलो त्या बाजूला ना पाटी, ना दगड. लांबवर मेंढ्या. याच संरक्षित रणभूमीच्या एका कडेला विनाचालक गाड्यांची चाचणीपट्टी करायला 2018 मध्ये स्थानिक परिषदेने परवानगी दिली, बरीच ओरड होऊनही. मित्राने भोवती बघितलं, बुटाखालचा गोळा खरवडला आणि विचारलं, "हेच?" मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार बरं वाटलं. इथे कुणी फोटो काढत नव्हतं, ऊन तिरपं पडलं होतं, आणि इंचभर डुकराचा बिल्ला याच मातीतून निघाला होता. पाच मिनिटं टिकलं ते. मग थंडी वाजायला लागली.

शेंटनमार्गे केंद्रावर परत आलो तेव्हा दिवे लागले होते. माझ्या घड्याळात 16 किलोमीटर. टॅक्सीवाल्याला फोन केला, रेंज येत-जात होती. तो म्हणाला, दुसऱ्या भाड्यावर आहे, दुसरा माणूस पाठवतो. दुसरा माणूस आला, आमच्या बुटांकडे बघितलं, मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरलं आणि म्हणाला, 45. तेच हिंकली, तोच रस्ता. का, विचारलं. रविवार, अंधार, लांबून आलो, आणि बुटांकडे बोट. घासाघीस करायला आमच्याकडे दुसरा पर्यायच नव्हता, हे त्यालाही दिसत होतं. दिले.

तर जाणाऱ्यांनी काय करावं. गाडी असेल तर गाडी न्या. केंद्रावर पार्किंगचे पैसे पडतात पण ते आमच्या टॅक्सीपुढे चणे-फुटाणे. गाडीतूनच फेन लेनवरून एक चक्कर मारा, थांबू नका, थांबायला जागा मला दिसली नाही. गाडी नसेल तर रविवार टाळा आणि आदल्या दिवशी बसचं वेळापत्रक बघा. टॅक्सीच करायची तर जाताना जो नेतो त्याच्याशीच परतीची वेळ आणि पैसे दोन्ही ठरवा, जमल्यास संदेश पाठवून लेखी घ्या. 'फोन करा, येतो' यावर उतरू नका.

बॉस्वर्थ आधी, लेस्टर नंतर, हा क्रम ठेवा. राजाही तसाच गेला. शिवाय चिखल तुडवून झाल्यावर तो कबरीचा आखूड खड्डा बघाल तर जास्त पोहोचेल, आम्ही उलटं करून ती मजा घालवली. शेतातून चालायचंच असेल तर पिकं निघाल्यानंतर आणि नांगरट होण्याआधी, चार-आठ दिवस पाऊस नसताना. गुडघ्याच्या थोडं खाली येणारे रबरी बूट त्या भागात सगळे का घालतात हे मला आता कळलंय. आमचे ट्रेकिंगचे बूट तिथे कुचकामी, महागडे असून.

वेळ एकच दिवस असेल तर लेस्टर करा, बॉस्वर्थ सोडा. फार हळहळ वाटली तर बिल्ल्याचे फोटो घरबसल्या बघता येतात.

माझे बूट बाल्कनीत आहेत. माती वाळून दगड झालीय, हातोडी मारून काढतोय. मित्राने 22.50 पौंड अजून दिलेले नाहीत. त्याचं म्हणणं, बुटाला माती माझ्या हट्टामुळे लागली, त्यामुळे वाढीव भाडं माझ्या खात्यावर.